मोठेपणी ब्रेल: पाटी, स्टायलस आणि आरशातली अक्षरं

चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी, शिकवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात वर्णमालेपासून होते. अ, आ, इ, ई असं ओळीने. थोड्याच दिवसांत शिकणारा अडखळतो, ‘माझी बोटं आता जड झाली’ म्हणतो आणि यायचा बंद होतो. बोटं खरंच जड असणारे लोक असतात, पण कमी. बाकीच्यांना चुकीच्या क्रमाने शिकवलेलं असतं. गावातल्या साक्षरता वर्गात डोळस आणि दृष्टिहीन प्रौढांना एकत्र बसवून शिकवताना आम्ही ज्या रीतीवर स्थिरावलो, ती इथे सविस्तर मांडतो आहोत.

आधी ब्रेल कोणाला शिकवू नये ते. वर्गात नाव घालायला येणाऱ्या वयस्कर माणसाला नुसता मोतीबिंदू असेल तर त्याला ब्रेल लिहायची पाटी द्यायची नाही, शस्त्रक्रियेला पाठवायचं. ज्याला भिंग लावून किंवा ठळक मोठी अक्षरं करून वाचता येतं, आणि ती नजर टिकेल असं डॉक्टर सांगतात, त्याचंही छापील वाचन आधी सावरायचं. नजर हळूहळू जाणार असल्याचं निदान असेल तर मात्र थोडं दिसत असतानाच ब्रेल सुरू केलेलं बरं. अशा माणसाची एक खोड असते: तो टिंबं डोळ्यांनी वाचतो. पट्टी बांधून त्याला खिजवण्यात अर्थ नाही. कागदावर एक टॉवेल टाकावा आणि हात टॉवेलखाली घालायला सांगावं, काम होतं.

‘मोबाइल बोलतो, मग ब्रेल कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. बातम्या, निरोप, गोष्टी ऐकायला फोन पुरतो. पण ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कसं लिहायचं ते कळत नाही, आणि औषधाच्या डबीवर काय आहे ते चारचौघांत फोनने मोठ्याने वाचून दाखवावं असं कोणालाच वाटत नाही. जो माणूस आयुष्यात कधीच शाळेत गेला नाही, त्याच्यासाठी तर ऐकणं म्हणजे साक्षरता नव्हेच. तरीही बोटांची संवेदना खरोखर गेलेली असेल तर आम्ही हट्ट धरत नाही. फोन आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं हाही शिकण्याचाच रस्ता आहे.

बोटांची पारख

ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं: दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. डावीकडची वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडची ४, ५, ६. शेजारच्या दोन टिंबांच्या मध्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर, एका घरापासून पुढच्या घरापर्यंत सुमारे सहा, एका ओळीपासून दुसरीपर्यंत सुमारे दहा. टिंबाची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. मधुमेहाने डोळे गेलेल्यांच्या बाबतीत सगळे धास्तावतात, कारण त्याच आजाराने बोटंही बधिर होतात. पण ही बधिरता सहसा आधी तळपायांना येते, हातांना पुष्कळ नंतर. तेव्हा नुसता आजार ऐकून निकाल लावू नये, पारख करावी.

ती साधी असते. जाड कागदाच्या पट्टीवर पाच घरं टोचायची. चार घरांत एकच अक्षर आणि एका घरात वेगळं, उदाहरणार्थ चारदा ल (१, २, ३) आणि एकदा ग (१, २, ४, ५). अक्षराचं नावही सांगायचं नाही, फक्त ‘यातलं वेगळं कुठलं?’ एवढंच विचारायचं. उजवी तर्जनी, डावी तर्जनी, मग दोन्ही मधली बोटं अशी आठही वेळा करून पाहायची: प्रत्येक बोटाला दोन पट्ट्या. शेतात, बांधकामावर, भट्टीवर काम केलेल्यांची उजवी तर्जनी हमखास घट्टे पडलेली असते, आणि तिच्याच शेजारचं मधलं बोट किंवा डावी तर्जनी चक्क चांगली वाचते. वाचणारं बोट एकदा ठरलं की ते बदलायचं नाही. भेगा असतील तर रात्री तेल लावावं, वर्गाला येताना हात साबणाने धुऊन पुसून कोरडे करावेत. तेलकट बोट कागदाला चिकटतं, सरकत नाही आणि टिंबंही मऊ पडतात.

एकाही बोटाला अडीच मिलिमीटरचं अंतर कळत नसेल, पण टिंबं थोडी लांब आणि मोठी केल्यावर कळत असेल, तर त्याच आकारात शिकवत राहायचं. असे लोक पुस्तक वाचणार नाहीत. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या, दूरध्वनी क्रमांक, नावं एवढं वाचतील, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

अक्षरांच्या आधी

सहा अंडी मावतील एवढा कागदी ट्रेचा तुकडा आणि सहा गोट्या घेतल्या की घर समजवायला दुसरं काही लागत नाही. ‘एक, दोन, तीन टाका, आता तीन काढून चार टाका’ असा खेळ दहा मिनिटं. टिंबांचे क्रमांक तोंडपाठ झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण नंतर सगळं बोलणं क्रमांकांतच होतं. मात्र गोट्यांवर फार दिवस रेंगाळूही नये. ट्रे पूर्ण हाताने चाचपायचा असतो, ब्रेल बोटाच्या टोकाखालून सरकवत वाचायचं असतं. ट्रेची सवय लागलेला माणूस कागदावर आला की एकेक टिंब मोजत बसतो, आणि ही मोजायची सवय मोडायला अक्षरं शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

मग ओळी. अक्षर नाही, नुसती भरलेल्या घरांची ओळ, मध्ये कुठेतरी एक रिकामं घर. काम एवढंच: रिकाम्या जागी ‘जागा’ म्हणायचं. कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट सैल, कागद सरळ, खाली न घसरणारं रबर किंवा ओलसर फडकं. जमिनीवर बसायचं असेल तर पाट मांडीच्या वर येईल असा उंच हवा, नाहीतर मनगट मोडून बोटाचं टोक उभं राहतं. वाचतो तो बोटाचा मऊ भाग, नखाजवळचं टोक नव्हे.

दाब हलका. नव्या माणसाला कळत नाही म्हणून तो दाबतो, दाबल्यामुळे बोट आणखी बधिर होतं, आणि मग वरखाली घासायला लागतो. हे घासणं दिसलं की थांबवायचं. बोट आडवंच सरकलं पाहिजे. उजवा हात ओळीच्या शेवटाकडे पोचतो तोवर डाव्याने खालच्या ओळीची सुरुवात शोधून तिथे थांबायचं. एकच हात चालत असेल तर त्याच ओळीवरून मागे यायचं आणि मग एक ओळ खाली उतरायचं, तिरकं उतरलं की ओळ चुकते. वीस मिनिटांनंतर बोट थकतं आणि काहीच धड लागत नाही, म्हणून एक तासाच्या एका बैठकीपेक्षा वीस मिनिटांच्या दोन बैठका उपयोगी.

क्रम, आणि आरसा

भारती ब्रेल १९५१ साली ठरलं. त्यात भारतीय भाषांतल्या सारख्या ध्वनींना सारखीच चिन्हं आहेत, त्यामुळे मराठी शिकलेल्याला हिंदी वाचायला वेगळं काही शिकावं लागत नाही. इंग्रजीसारखी संक्षेपांची भानगडही नाही: अक्षरं आली की लिपी आली. अडचण दुसरीकडे आहे. मराठीतली खूपशी अक्षरं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. क म्हणजे १, ३ आणि ख म्हणजे ४, ६. ब म्हणजे १, २ आणि भ म्हणजे ४, ५. ल आणि ळ, म आणि श, प आणि थ, र आणि ठ, न आणि ड, व आणि ण, ह आणि ज, य आणि ष, इ आणि ए, ओ आणि औ, त आणि ऊ, इतकंच काय आ आणि घ, या सगळ्या जोड्या तशाच. वर्णमालेच्या क्रमाने गेलं की क नंतर लगेच ख येतो, ब नंतर भ, ओ नंतर औ. जे एकमेकांपासून सगळ्यांत लांब ठेवायला हवं तेच शेजारी येऊन बसतं.

म्हणून आमचा पहिला संच अ, क, ग, ब, ल असा असतो. यात प्रतिबिंबाची एकही जोडी नाही आणि ‘बगल’, ‘बल’ असे शब्द पहिल्याच दिवशी वाचता येतात. दुसऱ्या बैठकीला आ (३, ४, ५) आला की दार उघडतं: काका, बाबा, काल, गाल, लाल, बाग, कागल. पुढे म आणि ई: आई, मी, काम, मका, काकी, बाकी, कमी. मग च, ए, ह, प, न. ‘आहे’ हा शब्द जितक्या लवकर येईल तितकं बरं, कारण त्याच्याशिवाय मराठीत बरीच वाक्यं होत नाहीत. त्यासाठी ह आधी घ्यायचा आणि ज पुष्कळ लांब ढकलायचा. इ आणि ए यांतला ए आधी. घ शेवटच्या शेवटी, आ इतका पक्का झाल्यावर की विचार करावा लागू नये. जोडीतलं दुसरं अक्षर कधी आणायचं याची आमची कसोटी एवढीच: पहिलं अक्षर सुटं नव्हे, अनोळखी शब्दाच्या मध्ये आलं असताना न अडखळता वाचता आलं पाहिजे.

दुसऱ्या प्रकारची जोडी पाचव्या टिंबाची. ल ला ५ जोडला की र, म ला जोडला की न, स ला जोडला की त, च ला जोडला की द, ब ला जोडला की ह. उजव्या रांगेतलं मधलं टिंब बोटाखाली सगळ्यांत जास्त निसटतं. या जोड्या मात्र मुद्दाम शेजारी ठेवाव्यात: लर लल रल अशा ओळी करून. आरशातल्या जोडीत डोकं दिशेत गोंधळतं, तिथे सराव वाढवला तर गोंधळही पक्का होतो. पाचव्या टिंबाच्या जोडीत फक्त आहे की नाही एवढंच ओळखायचं असतं, आणि ते सरावाने सुधारतं.

पूर्वी छापील वाचत असलेल्यांना लेखनाच्या रीती वेगळ्या सांगाव्या लागतात. ब्रेलमध्ये काना-मात्रा नाहीत, व्यंजनानंतर पूर्ण स्वर येतो. ‘किती’ म्हणजे क, इ, त, ई. छापील वेलांटी आधी निघते, इथे ऐकू येतं त्या क्रमानेच सगळं. कधीच शाळेत न गेलेल्यांना हे अगदी स्वाभाविक वाटतं आणि शिकलेल्यांची पंचाईत होते, हे बघायला मौज वाटते. मग व्यंजनापुढे खराच सुटा स्वर असेल तर? ‘मऊ’ लिहिताना म, अ, ऊ अशी तीन घरं लागतात, मधला अ गाळला तर ‘मू’ होतो. हलन्त चिन्ह (अक्षराचा पाय मोडल्याची खूण, नुसतं टिंब ४) व्यंजनाच्या आधी येतं: ‘पक्का’ म्हणजे प, हलन्त, क, क, आ. क्ष आणि ज्ञ यांना स्वतःचं एकेक घर आहे, बाकी जोडाक्षरं हलन्ताने.

हा हलन्त फार त्रास देतो. एकटं टिंब ४ आणि एकटं टिंब १ यांत बोटाला काहीच फरक नाही. फरक कळतो तो मागच्या-पुढच्या घराशी असलेल्या अंतरावरून. त्यामुळे हलन्त सुटा कधीच शिकवू नये, नेहमी शब्दातच: पक्का, अण्णा, चप्पल. अनुस्वार (५, ६) तसाच. बहुतेक अंकलिप्यांच्या पहिल्या पानावर ‘आंबा’ असतो, पण ब्रेलमध्ये तो चांगलाच अवघड शब्द आहे: आ च्या नंतर उजवीकडे खाली दोन टिंबं, आणि लगेच साडेतीन मिलिमीटरवर ब ची दोन टिंबं, एक पायरी वर. सरावलेलं बोट ती पायरी ओळखतं, नवं बोट त्या चार टिंबांचं एकच अक्षर करून टाकतं. आंबा दोन महिने थांबला तरी चालतो.

पाटीवर लिहिताना

आपल्याकडे सर्रास मिळते ती पाटी म्हणजे लाकडी फळी, वर कागद धरायची पकड, आणि आडवी बसणारी दुपदरी धातूची पट्टी. पट्टीच्या वरच्या पदराला घरांच्या खिडक्या, खालच्याला सहा-सहा खळगे. ओळी भरल्या की पट्टी फळीच्या कडेच्या पुढच्या भोकांत बसवायची. स्टायलसने (टोचायच्या टोकदार दांड्याने) टोचलं की टिंब कागदाच्या पाठीमागे उठतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचायला कागद उलटायचा. सहा कळांचं ब्रेल टंकयंत्र असेल तर ही उलटापालट नाही, टोचलेलं तिथल्या तिथे वाचता येतं. पण ते महाग आणि जड. पाटी पिशवीत मावते आणि बिघडण्यासारखं तिच्यात काही नसतं.

‘लिहिताना सगळं उलटं करा’ असं सांगणं हा लेखन बिघडवण्याचा हमखास मार्ग. आधीच आरशातल्या जोड्यांनी भरलेली लिपी, त्यात मनात प्रत्येक अक्षर उलटवायला सांगितलं तर ‘काका’ लिहायला बसलेल्या माणसाच्या कागदावर ‘खघखघ’ उमटतं. अगदी अक्षरशः तेच, कारण क उलटला की ख आणि आ उलटला की घ. त्याऐवजी लिहिताना डावं-उजवं हे शब्दच बंद करायचे. घरात शिरताना आधी लागते ती ‘पहिली बाजू’, नंतरची ‘दुसरी बाजू’. पहिल्या बाजूला वरून खाली १, २, ३, दुसऱ्या बाजूला ४, ५, ६. वाचताना आपण डावीकडून येतो, तेव्हा पहिली बाजू डावी. लिहिताना उजवीकडून येतो, तेव्हा पहिली बाजू उजवी. क्रमांक तेच राहतात, उलटवायचं काहीच उरत नाही.

‘काका’ असाच टोचून पाहू. पट्टीचं सगळ्यांत उजवीकडचं घर: पहिली बाजू वर एक, पहिली बाजू खाली एक, क झाला. डावीकडचं पुढचं घर: पहिली बाजू खाली एक, दुसरी बाजू वर एक, मध्ये एक, आ झाला. पुन्हा तेच. डाव्या हाताची तर्जनी सतत पुढच्या रिकाम्या घरावर ठेवायची, स्टायलस तिच्यामागून येतो. ती उचलली की घर चुकतं: एकतर दोन अक्षरं एकावर एक बसतात, नाहीतर शब्दाच्या मध्येच जागा पडते. शब्द संपला की एक घर सोडायचं. कानाने तपासता येतं हे फार उपयोगी आहे. ‘काका’ चा आवाज दोन, तीन, दोन, तीन असा येतो. चार माणसं एकाच वेळी लिहीत असतानाही शिकवणाऱ्याला चूक ऐकू यायला लागते.

स्टायलस अगदी उभा धरायचा, बोंडी तळहाताच्या मुळाशी, तर्जनी दांड्यावरून खाली. तिरका धरला की कागद फाटतो आणि टिंबाला भोक पडतं. भोक बोटाला टिंबापेक्षा वेगळं लागतं आणि लवकर झिजतं. फार जोर लावणाऱ्याचं मनगट दहा मिनिटांत दुखायला लागतं. खळग्याचा तळ लागला की टक् असा आवाज येतो, तेवढाच दाब पुरे. खाडाखोडीसाठी कागद उलटून चुकीचं टिंब नखाने किंवा स्टायलसच्या मागच्या टोकाने दाबून बसवायचं. त्याची खूण राहतेच, म्हणून आम्ही चुकलेला शब्द सोडून, सलग तीन भरलेली घरं टोचून पुढे लिहायला सांगतो. एकच भरलेलं घर टोचून चालत नाही, मराठीत तो ढ आहे.

कागद १२० ते १४० ग्रॅम वजनाचा लागतो. त्याहून पातळ कागदावर टिंब दोन वाचनांत बसतं, त्याहून जाडावर टोचताना हात मोडतो. सरावाला जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं उत्तम. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि टिंबं उठल्यासारखी वाटून दुसऱ्या दिवशी सपाट होतात. त्या महिन्यांत कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून धान्याच्या कोठीजवळ किंवा जिथे कोरडं असेल तिथे ठेवायचा. लिहिलेली पानं उभी ठेवायची, गठ्ठा करून वर वजन ठेवलं की खालची पानं वाया गेलीच समजा.

अंक, डब्या, नोटा

प्रौढांना पहिल्या महिन्यातच काहीतरी कामाचं मिळालं पाहिजे, आणि ते बहुतेकदा अंक असतात. अंकचिन्ह ३, ४, ५, ६ लावलं की पुढे अ म्हणजे १, ब म्हणजे २, च म्हणजे ३, द म्हणजे ४, ए म्हणजे ५, ग म्हणजे ७, ह म्हणजे ८, इ म्हणजे ९ आणि ज म्हणजे ०. सहासाठी टिंबं १, २, ४. अंकचिन्ह आणि ण एकच आहेत, पण मराठीत शब्द ण ने सुरू होत नाही, त्यामुळे घोळ होत नाही. अंकांमुळे इ आणि ए, ह आणि ज या जोड्या ठरवल्यापेक्षा लवकर समोर येतात, हा तोटा आम्ही पत्करतो. मोबाइल क्रमांक स्वतः लिहून स्वतः वाचता आला की माणूस वर्ग सोडत नाही.

औषधांसाठी जाड प्लॅस्टिकच्या पट्टीवर एक-दोन अक्षरं टोचून ती डबीला रबराने बांधायची. चिकटपट्टी हाताळून सुटते. गोळ्यांच्या पाकिटावर थेट टोचू नये, फॉइल फाटतं. नोटांसाठी ब्रेल लागतच नाही: महात्मा गांधी नव्या मालिकेतल्या शंभराच्या नोटेच्या दोन्ही कडांना चार तिरप्या उठावदार रेघा असतात, दोनशेच्या नोटेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेच्या नोटेवर पाच रेघा. नोट जुनी झाली की त्या झिजतात, म्हणून रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे नोट ओळखून सांगणारं, २०२० साली आलेलं अ‍ॅपही फोनमध्ये ठेवायला सांगतो.

डोळस मंडळींच्या शेजारी

एकत्र वर्गात सगळ्यांत आधी बदलते ती शिकवणाऱ्याची जीभ. ‘हे बघा, इथे असं’ हे वाक्य चालत नाही. फळ्यावर जे लिहिलं ते लिहितानाच मोठ्याने म्हणायचं, आणि हे डोळस निरक्षरांनाही मानवतं, कारण ऐकणं आणि लिहिणं यांची सांगड तिथेच बसते. शब्दांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसाठी एकच: वर शाईने ठळक अक्षर, खाली ब्रेल, उजवा वरचा कोपरा कापलेला, म्हणजे चिठ्ठी उलटी धरली गेली तर बोटाला लगेच कळतं. घरच्या माणसालाही तीच चिठ्ठी वाचून उजळणी घेता येते. शिकवणाऱ्याने ब्रेल डोळ्यांनी वाचायला शिकलं तरी पुरतं. दिवा कागदाच्या बाजूला खाली ठेवला की टिंबांच्या सावल्या पडतात आणि वाचणं सोपं जातं, वरून पडणाऱ्या प्रकाशात पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही.

दोन्ही गटांचा वेग सारखा राहत नाही, आणि तो तसा राहावा म्हणून ओढाताण करू नये. अक्षरांचा क्रम दृष्टिहीनांसाठी ठरवलेला असला तरी डोळसांचं त्यात काही बिघडत नाही, अ-क-ग-ब-ल हा संच त्यांनाही पहिल्या दिवशी शब्द देतो. उलटं केलं तर मात्र बिघडतं.

पुढे औपचारिक परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिकला वयाची वरची मर्यादा नाही. परीक्षेतल्या सवलतींसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं. ते हाताशी नसेल तर आधी त्यामागे लागावं, त्याला वेळ लागतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेता येतो. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, अशी त्या सूचनांत अट होती. तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो: विरामचिन्हं बोलून सांगणं, परिच्छेद कुठे तोडायचा ते सांगणं, मध्येच मागचं वाक्य वाचून घेणं. उत्तराचे मुद्दे आधी स्वतःच्या कागदावर ब्रेलमध्ये टोचून घेतले की सांगताना धागा सुटत नाही. त्याच सूचनांत परीक्षेला ब्रेल पाटी नेण्याची मुभा आहे. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नये. लेखनिकाचा अर्ज करतानाच पाटी, स्टायलस आणि कोऱ्या कागदांचा उल्लेख लेखी करावा आणि त्याची पोच प्रवेशपत्राला जोडून न्यावी.